डोक्यातला वॉचमन

आपण झोपलेलो असलो तरी मेंदूत कुणीतरी जागं असतं. पेशींची राख होऊ नये म्हणून दिवसरात्र राबणाऱ्या एन्झाईम्सची ही गोष्ट. आणि एका रिव्ह्यू मीटिंगमध्ये वाया गेलेल्या चाळीस मिनिटांची.

गुरुवार, सकाळचे अकरा. ऑफिसमधला सगळ्यात बोअर कार्यक्रम, म्हणजे वीकली रिव्ह्यू. भिंतीवर एक्सेल शीट, टेबलावर कॉफीचे मग आणि बोर्डासमोर आमचा टीम लीड. वय ३६. आम्ही त्याला 'मालक' म्हणतो, कारण कामं वाटताना तो तसाच वागतो. आदल्या रात्री रिलीज होतं, झोप तीन तासांची, नाश्त्याचा पत्ता नाही. नेहमीचंच.

अकरा वाजून दहा मिनिटांनी मालकाच्या हातातून मार्कर पडला. त्याने तो उचलायचा प्रयत्न केला, पुन्हा पडला. आम्ही हसलो. मग तो काहीतरी बोलला आणि ते कुणालाच कळलं नाही. जीभ जड झाल्यासारखी. एकाने खुर्ची दिली, दुसरा साखर-पाणी आणायला पळाला. मी फंडा मारला, "ॲसिडिटी असेल रे, जागरण झालंय. पड जरा." आम्ही त्याला आतल्या सोफ्यावर आडवा केला, एसी वाढवला आणि मीटिंग पुढे चालू ठेवली. हो, चालू ठेवली.

पावणेबाराच्या सुमारास हाऊसकीपिंगच्या मावशी मग गोळा करायला आल्या. त्यांनी सोफ्याकडे एकदाच बघितलं. "अहो, साहेबांचं तोंड बघा कसं वाकडं झालंय! माझ्या सासऱ्यांना अस्संच झालं होतं. साखर-पाणी कसलं पाजताय, आधी दवाखान्यात न्या."

आम्ही निघालो तेव्हा अकरा पन्नास झाले होते. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "हे नॉर्मल शेवटचे कधी होते? नक्की वेळ सांगा." ती मला मिनिटासकट माहीत होती, कारण मीटिंग कधी संपते म्हणून मी सारखा घड्याळच बघत होतो. सीटी स्कॅन झाला, रक्तस्राव नाही, गुठळी आहे. वहिनी पोहोचल्या, सही झाली. एक वाजायला पाच मिनिटं असताना त्याच्या शिरेत एक इंजेक्शन गेलं. एकच डोस, काही सेकंदांचं काम.

संध्याकाळी मी डॉक्टरांना विचारलं, "त्या सिरिंजमध्ये होतं काय?"

"एन्झाईम," ते म्हणाले, आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

एन्झाईम? दहावीच्या सायन्सच्या पुस्तकात 'विकरे' नावाचा एक प्रकार होता. परीक्षा संपली आणि तो डोक्यातून गेला. आता तोच मालकाच्या डोक्यात शिरला होता. त्या रात्री घरी जाऊन वाचायला बसलो. जे सापडलं ते जाम इंटरेस्टिंग आहे आणि थोडं घाबरवणारंही.

आधी बेसिक फंडा

ज्वारीच्या भाकरीचा घास तोंडात घोळवत राहा. मिनिटभरात तो गोडसर लागायला लागतो. लाळेतलं एक एन्झाईम पिठूळ भागाचे तुकडे करून त्याची साखर बनवतं, म्हणून. शर्टावरचा वरणाचा डाग घालवणाऱ्या वॉशिंग पावडरमध्येही एन्झाईम्स असतात. ही सगळी मुळात प्रथिनं. एखादी रासायनिक क्रिया एरवी कासवाच्या गतीने झाली असती, ती ती चुटकीसरशी उरकतात. स्वतः मात्र खर्ची पडत नाहीत. एक काम झालं की पुढचं. ओव्हरटाईम नाही, अप्रेझल नाही.

शरीरात अशी हजारो एन्झाईम्स आहेत. मेंदूला त्यांची गरज जरा जास्तच, आणि त्याचं कारण मेंदूची राहणी. वजन सव्वा ते दीड किलोच्या आसपास, म्हणजे शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण आरामात बसलेलो असतानाही आपण घेतलेल्या ऑक्सिजनपैकी २० टक्के हा एकटाच फस्त करतो. वर सेव्हिंग शून्य. स्नायू साखरेचा साठा करून ठेवतात, यकृत ठेवतं. मेंदू मात्र रोज कमावतो, रोज उडवतो. महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला आपला अकाऊंट असतो ना, तसा तो कायमच असतो. त्यामुळे रक्ताचा पुरवठा थांबला की काही मिनिटांतच दिवाळं.

गुठळी विरघळवणारा कारागीर

मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की पुढच्या भागाला ऑक्सिजन आणि साखर दोन्ही बंद. पेशींच्या भिंतीतले पंप थांबतात. एरवी काटेकोरपणे बाहेर ठेवलेलं कॅल्शियम आत घुसतं. मरणाऱ्या पेशी ग्लुटामेट नावाचं रसायन ओकतात, त्याने शेजारच्या पेशी अतिउत्तेजित होऊन मरतात. अगदी मधला भाग लवकर जातो. पण त्याच्याभोवती एक पट्टा असतो, जिथल्या पेशी बंद पडलेल्या असतात पण मेलेल्या नसतात. सगळी लढाई या पट्ट्यासाठी.

अमेरिकेतले न्यूरॉलॉजिस्ट जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये याचा हिशोब मांडला. मोठी रक्तवाहिनी बंद झाली आणि उपचार मिळाले नाहीत, तर सरासरी दर मिनिटाला १९ लाख न्यूरॉन मरतात. हा सरासरीचा आकडा आहे, प्रत्येक पेशंटचा वेग वेगळा असतो. तरी मी कॅल्क्युलेटर काढलाच. चाळीस मिनिटं गुणिले १९ लाख. सात कोटी साठ लाख. माझ्या 'पड जरा'ची किंमत. माणसाच्या मेंदूत साधारण ८,६०० कोटी न्यूरॉन असतात, असं मनाला समजावून बघितलं. फार उपयोग झाला नाही.

आता त्या सिरिंजकडे येऊ. आपल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातच एक एन्झाईम तयार होतं. त्याचं नाव टिश्यू प्लाझ्मिनोजेन ॲक्टिव्हेटर, लाडाने टीपीए. रक्तात प्लाझ्मिनोजेन नावाचं एक प्रथिन झोपल्यासारखं फिरत असतं. टीपीए त्याला जागं करतं, त्याचं प्लाझ्मिन होतं, आणि प्लाझ्मिन गुठळीतली फायब्रिनची जाळी कातरून टाकतं. छोट्यामोठ्या गुठळ्या शरीर अशा प्रकारे स्वतःच निस्तरत असतं. मोठी गुठळी मात्र घरच्या टीपीएला आवरत नाही. बाहेरून कुमक पाठवावी लागते.

ती कुमक तयार करण्याचं मोठं श्रेय बेल्जियमच्या लुव्हेन शहरातले संशोधक डेझिरे कोलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जातं. एका त्वचेच्या कॅन्सरच्या पेशी प्रयोगशाळेत भरपूर टीपीए बनवतात, हे लक्षात आलं आणि त्यातून ते शुद्ध स्वरूपात मिळालं. ऐंशीच्या दशकात जेनेटिक इंजिनिअरिंगने ते हवं तितकं बनवता येऊ लागलं. डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ६२४ पेशंटवरच्या ट्रायलचे निष्कर्ष आले. तीन तासांच्या आत हे औषध मिळालेल्यांमध्ये तीन महिन्यांनंतर जवळपास धडधाकट असण्याची शक्यता किमान ३० टक्क्यांनी जास्त होती. १९९६ मध्ये अमेरिकेत स्ट्रोकसाठी मंजुरी मिळाली. २००८ मध्ये युरोपातल्या ट्रायलने ही खिडकी साडेचार तासांपर्यंत उघडली.

मालकाला मिळालं ते याचंच सुधारलेलं भावंडं, टेनेक्टेप्लेज. जुनं औषध तासभर ठिबकत द्यावं लागतं, हे एका झटक्यात देता येतं. अमेरिकेत स्ट्रोकसाठी याला मार्च २०२५ मध्ये परवानगी मिळाली. आणि पुणेकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही. हिंजवडीतली जेनोव्हा ही कंपनी हे एन्झाईम आपल्याकडेच बनवते. ज्या आयटी पार्कच्या ट्रॅफिकला आपण रोज शिव्या घालतो, त्याच परिसरात.

पण या कारागिराच्या हातात कात्री आहे, हे विसरायचं नाही. गुठळी कापणारं एन्झाईम चुकीच्या ठिकाणी रक्तस्राव घडवू शकतं. १९९५ च्या त्याच ट्रायलमध्ये औषध मिळालेल्या ६.४ टक्के लोकांच्या मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला, न मिळालेल्यांमध्ये ०.६ टक्के. म्हणून आधी सीटी स्कॅन, म्हणून वेळेची एवढी चौकशी, म्हणून वहिनींची सही. स्ट्रोकचा एक प्रकार रक्तस्रावानेच होतो, आणि तिथे हे औषध म्हणजे आगीत तेल. बाहेरून बघून यातला फरक डॉक्टरलाही सांगता येत नाही. मग आपण कोण सांगणार?

धूर गिळणारी नाईट शिफ्ट

टीपीए रस्ता मोकळा करतं. पण रोजच्या रोज पेशीच्या आत राखण करणारे वॉचमन वेगळेच. आणि त्यांचा शत्रू तोच, ज्याच्यावर आपण जगतो. ऑक्सिजन.

प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाचे छोटे जनरेटर असतात. ते ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवतात. सोसायटीतला जनरेटर लाईट देतो आणि धूरही सोडतो, तसंच इथेही. या धुराचं नाव सुपरऑक्साईड. हा एक फ्री रॅडिकल, म्हणजे एक इलेक्ट्रॉन जास्त असलेला, सतत कुणाशी तरी भिडायला टपलेला रेणू. तो आणि त्याच्यापासून बनणारी भावंडं पेशीची चरबी, प्रथिनं, अगदी डीएनएसुद्धा खराब करतात. मेंदूत चरबीचा भाग भरपूर, ऑक्सिजनचा खप दांडगा, आणि बहुतेक न्यूरॉन आयुष्यभरासाठी एकदाच मिळालेले. म्हणजे इथे धूर साचून चालतच नाही.

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक युनिव्हर्सिटीत आयर्विन फ्रिडोविच आणि त्यांचा पीएचडीचा विद्यार्थी जो मॅकॉर्ड यांनी या धुराचा बंदोबस्त करणारं एन्झाईम ओळखलं. गंमत म्हणजे तांबं असलेलं ते निळसर-हिरवं प्रथिन १९३८ पासून शास्त्रज्ञांच्या हातात होतं. गाईगुरांच्या रक्तातून ते वेगळंही काढलेलं होतं. फक्त ते काम काय करतं, हे तीस वर्षं कुणाला माहीत नव्हतं. ऑफिसात असा एखादा असतोच ना, रोज दिसतो, पण करतो काय ते कळत नाही. तो सुट्टीवर गेला की कळतं.

या एन्झाईमचं नाव सुपरऑक्साईड डिसम्युटेज, थोडक्यात एसओडी. ते सुपरऑक्साईडचं रूपांतर हायड्रोजन पेरॉक्साईडमध्ये करतं. हे तेच, जे केमिस्टकडे बाटलीत मिळतं आणि जखमेवर टाकलं की फसफसतं. ती फसफस म्हणजे दुसऱ्या एका एन्झाईमचं, कॅटालेजचं काम. ते पेरॉक्साईडचं साधं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. मेंदूत कॅटालेज तुलनेने कमी असतं. तिथे हे काम मुख्यतः ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज नावाचं कुटुंब करतं, आणि त्यातल्या महत्त्वाच्या सदस्यांना सेलेनियम हे खनिज लागतं. थोडक्यात रिले रेस. पहिल्याने धूर पकडायचा, दुसऱ्याने तो निर्धोक करायचा.

हे वॉचमन खरंच सुट्टीवर गेले तर? १९९५ आणि १९९६ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी मायटोकॉन्ड्रियातलं एसओडी बनवू न शकणारे उंदीर तयार केले. एका गटाचे उंदीर जन्मल्यापासून दहा दिवसांतच हृदय निकामी होऊन मेले. दुसऱ्या गटाचे काही तीन आठवड्यांपर्यंत तगले, पण त्यांच्या मेंदूतल्या पेशी झडायला लागल्या होत्या.

आणि वॉचमनच बिघडला तर? त्याचं उत्तर १९९३ मध्ये मिळालं. एएलएस नावाच्या आजारात शरीर हलवणारे न्यूरॉन हळूहळू मरत जातात. काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या एएलएसच्या मुळाशी पेशीतल्या साध्या एसओडीच्या जनुकातली चूक निघाली. आधी वाटलं, एन्झाईम कमी पडत असेल. पण ते एन्झाईम पूर्ण काढून टाकलेल्या उंदरांना हा आजार झाला नाही. म्हणजे बिघडलेलं प्रथिन स्वतःच विषारी होत होतं. मग उपाय उलटा शोधला गेला. ते बनणंच कमी करायचं. टोफरसेन नावाच्या औषधाला अमेरिकेत एप्रिल २०२३ मध्ये यासाठी मंजुरी मिळाली. एएलएसच्या शंभरातल्या दोनेक पेशंटमध्येच ही चूक असते, पण त्यांच्यासाठी दार किलकिलं तरी झालं.

पळालात तर वाचाल

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, बाबा रे, आम्ही काय करायचं ते सांग.

तर ऐका. मायटोकॉन्ड्रियात एसओडीचा एक सुपरवायझर बसलेला असतो, सर्ट३ नावाचं एन्झाईम. एसओडीवर एक रासायनिक शेपूट चिकटलेलं असलं की ते सुस्तावतं. सर्ट३ ते शेपूट कापतं आणि एसओडी कामाला लागतं. अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंगमध्ये मार्क मॅटसन यांच्या टीमने सर्ट३ नसलेले उंदीर घेतले. मेंदूवर ताण आणणारी रसायनं दिल्यावर या उंदरांचे न्यूरॉन इतरांपेक्षा लवकर मेले. मग नॉर्मल उंदरांच्या पिंजऱ्यात पळायचं चाक ठेवलं. हे निष्कर्ष २०१६ च्या सुरुवातीला छापून आले. पळणाऱ्या उंदरांच्या न्यूरॉनमध्ये सर्ट३ वाढलं आणि त्यांचा मेंदू जास्त ताण सोसू शकला. सर्ट३ नसलेल्या उंदरांना मात्र पळूनही हे संरक्षण मिळालं नाही.

म्हणजे व्यायामाचा फायदा मेंदूपर्यंत पोहोचवणाऱ्या वाटांपैकी एक वाट या एन्झाईममधून जाते. प्रयोग उंदरांवरचा आहे, हे मान्य. पण व्यायामाने ब्लड प्रेशर आटोक्यात राहतं, स्ट्रोकचा धोका कमी होतो, हे माणसांत पक्कं दिसलेलं आहे. तेव्हा जिमची वर्षभराची फी भरून फेब्रुवारीत गायब होणाऱ्या आपल्या जमातीला हा एक आणखी टोमणा समजा.

कॉफी, डबेवाला आणि सुपारी किलर

आता माझं लाडकं एन्झाईम. नाव भयंकर आहे, एनएमएनएटी२. पण गोष्ट एकदम फिल्मी.

न्यूरॉनला एक लांब तार असते, ॲक्झॉन. कमरेतून पायाच्या बोटांकडे जाणारी तार मीटरभर लांब असू शकते. १८५० मध्ये ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेकडे जाणाऱ्या नसा कापून बघितल्या. पेशीपासून तुटलेला तुकडा काही दिवसांत विरून जायचा. जवळजवळ एकशेचाळीस वर्षं सगळे समजत होते की अन्नपाणी तुटलं, म्हणून तो मेला. साधी उपासमार.

मग १९८९ मध्ये ऑक्सफर्डमध्ये एक विचित्र उंदीर सापडला. त्याच्या नसा कापल्या तरी तुटलेला तुकडा दोन-तीन आठवडे ठणठणीत राहायचा. म्हणजे ही उपासमार नव्हतीच. तुकडा मरायचा, कारण त्याच्या आत मरण्याचा प्रोग्राम होता, आणि या उंदरात तो कुणीतरी रोखून धरत होतं. २००१ मध्ये कळलं की त्याच्यात दोन जनुकं अपघाताने जोडली गेली होती. त्यातला कामाचा भाग होता एनएमएनएटी जातीचं एन्झाईम.

हे एन्झाईम एनएडी नावाचा पदार्थ बनवतं. एनएडी म्हणजे पेशीच्या ऊर्जा-व्यवहाराचं चालू चलन. ॲक्झॉनमध्ये हे काम एनएमएनएटी२ करतं. पण त्याची एक भानगड आहे. ते काही तासांतच खराब होतं. त्यामुळे मूळ पेशीत ताजं बनवून रोज तारेच्या टोकापर्यंत पाठवावं लागतं. अगदी मुंबईच्या डब्यासारखं. डबा आला नाही की?

की सार्म१ जागं होतं. हा सुपारी किलर. २०१२ मध्ये आधी माश्यांमध्ये आणि मग उंदरांत दिसलं की हे प्रथिन काढून टाकलं तर कापलेला ॲक्झॉन मरायला तयारच होत नाही. २०१७ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी दाखवलं की सार्म१ स्वतःही एक एन्झाईम आहे, आणि ते एनएडी खाऊन संपवतं. खाती रिकामी, तार खलास. एक एन्झाईम चलन छापतं, दुसरं ते जाळतं. त्या दोघांच्या रस्सीखेचीवर तारेचं आयुष्य ठरतं. सार्म१ला आवर घालणारी औषधं शोधण्याच्या मागे आता बरेच जण लागले आहेत.

आणि कॉफी? २०१७ मध्ये इंडियाना युनिव्हर्सिटीत हुई-चेन लू यांच्या टीमने उंदरांच्या न्यूरॉनवर १,२८० रसायनं तपासली. त्यातल्या २४ रसायनांनी एनएमएनएटी२ वाढवलं. त्या चोवीसांत होतं कॅफीन. हे एन्झाईम कमी बनवणाऱ्या उंदरांना कॅफीन दिल्यावर त्यांची पातळी नॉर्मल उंदरांइतकी झाली. त्याच टीमने २०१६ मध्ये ५०० हून अधिक वृद्धांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूचे नमुने बघितले होते. ज्यांची बुद्धी शेवटपर्यंत तल्लख होती, त्यांच्यात या एन्झाईमचा संदेश जास्त सापडला होता.

थांबा, लगेच मशीनकडे पळू नका! हे उंदीर होते, डोस प्रयोगशाळेतला होता, आणि माणसात कॉफी पिऊन डिमेन्शिया टळतो असं यातून सिद्ध होत नाही. सहावा कप पिऊन रात्री दोनपर्यंत छताकडे बघत बसलात, तर मेंदूवर उपकार नक्कीच होत नाहीत. दोन कप आवडीने पीत असाल तर प्या, अपराधी वाटून घेऊ नका. इतकंच.

कॅप्सूलमध्ये वॉचमन मिळतो का?

मिळत नाही. बाजारात 'ब्रेन प्रोटेक्ट' छापाच्या चकचकीत बाटल्या खूप आहेत. काहींवर एसओडीसुद्धा लिहिलेलं असतं. पण एन्झाईम म्हणजे प्रथिन. साधं गिळलं की पोटात त्याची तीच गत होते, जी अंड्याच्या भुर्जीची होते. म्हणून तर मालकाला गोळी न देता शिरेतून इंजेक्शन दिलं.

मग एन्झाईमला मदत करणारी जीवनसत्त्वं? अमेरिकेत साडेसात हजारांहून जास्त वयस्क पुरुषांना व्हिटॅमिन ई, सेलेनियम, दोन्ही किंवा नुसतीच बिनऔषधी गोळी देऊन वर्षानुवर्षं बघितलं गेलं. २०१७ मध्ये निकाल आला. डिमेन्शिया टाळण्यात कशाचाच फरक पडला नाही. ज्यांच्या शरीरात कमतरता आहे त्यांची गोष्ट वेगळी, ती डॉक्टर सांगतील. बाकीच्यांनी ते पैसे चांगल्या बुटांवर घालवावेत.

त्यापेक्षा एक कमी ग्लॅमरस काम करा. ब्लड प्रेशर मोजा. भारतासह २२ देशांत झालेल्या आणि २०१० मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात स्ट्रोकच्या धोक्याचा ९० टक्के भाग दहा गोष्टींवर आला. त्यात पहिला नंबर हाय बीपीचा. सिगारेट, सुटलेलं पोट, बैठं काम, डायबेटिस, दारू हे सगळे त्याच यादीत. मालकाचं बीपी वाढलेलं होतं. किती दिवसांपासून, कुणास ठाऊक. त्याने कधी मोजलंच नव्हतं. मीही मोजलं नव्हतं. तुम्ही?

आणि 'हे सगळं आजोबांना होतं' हा गैरसमज काढून टाका. २०१८ मध्ये आलेल्या जागतिक अंदाजानुसार पंचविशीपासून पुढच्या आयुष्यात स्ट्रोक येण्याची शक्यता सरासरी चारात एक आहे. कॅन्टीनच्या टेबलावर तुम्ही चौघे बसता ना? मोजा.

हे कापून डेस्कवर लावा

चेहरा: हसायला सांगा. एक बाजू लोंबते का?

हात: दोन्ही हात समोर उचलायला सांगा. एक खाली येतो का?

बोलणं: साधं वाक्य म्हणायला सांगा. जीभ अडखळते का, शब्द सुचत नाहीत का?

वेळ: यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळ बघा. माणूस शेवटचा नॉर्मल कधी होता ते लिहून ठेवा. १०८ ला फोन करा. जिथे सीटी स्कॅन आणि स्ट्रोकचे उपचार आहेत, अशाच हॉस्पिटलमध्ये न्या.

करायचं नाही ते: साखर-पाणी, चहा, जेवण काहीही देऊ नका. गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जातं. आपल्या मनाने ॲस्पिरिन देऊ नका. कांदा हुंगवणं, चप्पल हुंगवणं, तेल चोळणं, सगळं बंद. 'पड जरा, बरं वाटेल' असं तर अजिबात म्हणू नका. आणि लक्षणं दहा मिनिटांत आपोआप गेली, तरीही हॉस्पिटल गाठा. तो ट्रेलर असू शकतो.

साडेचार तास उलटून गेले म्हणून हातपाय गाळायचे नाहीत. मोठी गुठळी कॅथेटर घालून बाहेर ओढता येते, आणि निवडक पेशंटमध्ये हे २४ तासांपर्यंतही केलं जातं. पण तो शेवटचा चान्स समजा. मिनिटं मोजायची ती पहिल्यापासूनच.

आणि मालक?

अडीच महिन्यांनी तो परत आला. चालणं ठीक, बोलणं ठीक. उजव्या हाताची दोन बोटं अजून थोडी हट्टी आहेत. त्याची सही बदलली आहे, बँकेत नवीन द्यावी लागली. ती सही बघितली की मला सात कोटी साठ लाख आठवतात. त्याने मला एकदाही बोलून दाखवलेलं नाही. एवढंच म्हणाला, "तुला मिनिट तरी पाठ होतं ना, म्हणून इंजेक्शन मिळालं." हा त्याचा मोठेपणा.

पहिल्या दिवशी तो सगळ्यात आधी पॅन्ट्रीत गेला. मावशी मग धूत होत्या. त्याने वाकून नमस्कार केला तशा त्या घाबरल्याच. "अहो साहेब, हे काय! उठा, उठा. गोळ्या वेळेवर घेता ना?"

आता आमच्या मीटिंग रूममध्ये बीपी मोजायचं मशीन आहे. वीकली रिव्ह्यू गुरुवारी अकरालाच असतो, आणि अजून तितकाच बोअर असतो. फक्त रिलीजच्या दुसऱ्या दिवशी तो नसतो. त्या दिवशी सगळ्यांनी झोपायचं असा मालकाने नियम केलाय. आतल्या नाईट शिफ्टला थोडी मदत.